वाचकांचे प्रश्न : पंखाचं टोक खांबाला लागलं, आता काय?

जुन्या हलक्या विमानांच्या जमिनीवरच्या हाताळणीबद्दल खान्देशातून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूर आणि जळगाव इथल्या धावपट्ट्यांमुळे या भागातल्या बऱ्याच तरुणांचा हात आता प्रत्यक्ष विमानाला लागतो, आणि प्रश्नही तसेच नेमके येतात. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली चूक फार ठिकाणी होते.

प्रश्न : ओळखीतल्या एका मालकाकडे पुष्पक जातीचं जुनं दोन आसनी विमान आहे. शेडमधून बाहेर काढताना पुढे ट्रॅक्टर होता, त्याचा दोर चाकांच्या पायांना बांधला होता, एक जण शेपटीशी आणि दोघं बाजूंनी ढकलत होते. विमान तिरपं झालं म्हणून शेपटी धरणाऱ्याने ती डावीकडे दाबली आणि डाव्या पंखाचं टोक दाराच्या लोखंडी खांबावर आदळलं. टोकाची कड चेपली, कापड वीतभर फाटलं. बाकी काही दिसत नाही. ठिगळ लावून उडवावं का, यावर आमच्यात दोन मतं आहेत.
— एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : उडवू नका, आणि ठिगळही एवढ्यात लावू नका. ती फाट म्हणजे पंखाच्या आत बघायला आयती मिळालेली खिडकी आहे.

आधी काय घडलं ते पाहू. पुष्पक हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं विमान, पहिलं उड्डाण १९५८ सालचं. पंख डोक्यावर, खालून तिरप्या स्ट्रटचा, म्हणजे टेकू देणाऱ्या दांड्यांचा, आधार, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड, तिसरं चाक शेपटीखाली. पंखांचा पसारा सुमारे ११ मीटर, रिकामं वजन सुमारे ४०० किलो. विमान पुढच्या दोन चाकांवर वळतं. तिथून शेपटी साडेचार-पाच मीटर मागे आणि पंखाचं टोक साडेपाच मीटर बाजूला. म्हणजे शेपटी पाऊण मीटर सरकवली की विमान साधारण १० अंश वळतं आणि पंखाचं टोक जवळजवळ मीटरभर पुढे किंवा मागे जातं. शेपटी धरणाऱ्याची नजर शेपटीवर असते. टोकाशी कोणी उभं नसेल, तर ते मीटरभर अंतर कोणीच बघत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

आता धक्का कुठे गेला? पंख हवेचा खालून येणारा, सगळीकडे पसरलेला भार घ्यायला बनवलेला असतो. खांबाने मात्र एकाच जागी, टोकावर, पुढून मागे ढकललं. हा जोर पुढच्या आणि मागच्या स्पारवर, म्हणजे पंखाच्या दोन तुळयांवर, पंखाच्या मुळाशी जाऊन पडतो. टोक मुळापासून पाच मीटर दूर आणि दोन स्पारमधलं अंतर मीटरभर धरलं, तर टोकावर ५० किलोचा दाब आला की मुळाशी एका स्पारला सुमारे २५० किलोची ओढ आणि दुसऱ्याला तेवढाच दाब बसतो. स्ट्रट त्यातला काही वाटा उचलतात, सगळा नाही. म्हणून टोकावर वीतभर फाट दिसते आणि खरं नुकसान पाच मीटर आत असू शकतं.

तपासणी परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याकडूनच करून घ्यायची. पण ती पुरी होते आहे की नाही हे मालकाला कळायला हवं.

सुरुवात कापडावरून. तिरक्या उन्हात पंखाच्या वरून आणि खालून नजर फिरवा. मुळापासून टोकाकडे तिरप्या सुरकुत्या पडल्या असतील, तर आतली चौकट वाकडी झाली आहे. पंखाच्या आत पुढच्या-मागच्या स्पारना जोडणाऱ्या कर्णरेषेतल्या तारा असतात. टोक मागे ढकललं गेलं की एक जोडी ताणली जाते, दुसरी सैल पडते. तपासणीच्या झाकणांतून हात घालून डाव्या पंखातल्या तारा उजव्याशी ताडून बघायच्या. एखादी ढिली लागली, तर नुसती आवळून मोकळं होऊ नये. ती ढिली का झाली ते सापडेपर्यंत पंख तसाच ठेवावा.

स्पार लाकडी असेल तर इथे घाई अजिबात नको. लाकूड दाबाखाली चेपलं की धाग्याला आडवी, केसाएवढी बारीक रेघ उमटते. समोरून टॉर्च मारली तर ती दिसत नाही. टॉर्च जवळजवळ लाकडाला टेकवून, आडवा प्रकाश टाकून बघावी लागते. स्ट्रट जिथे स्पारला जोडलेला असतो तिथे लाकडावर प्लायची जोडपट्टी असते. ती पट्टी जिथे संपते तिथे या रेघा जास्त सापडतात. रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, स्पारला ठोकलेले बारीक खिळे वर आलेले किंवा गळून पडलेले दिसले, तर तीही मोठी खूण आहे. पुष्पकच्याच घराण्यातल्या अमेरिकन चॅम्पियन विमानांच्या लाकडी स्पारची तपासणी तिथल्या नियामकाने सक्तीची केली आहे. पंखाला इजा झालेल्या प्रत्येक घटनेनंतरही ती पुन्हा करावी लागते. स्पार धातूचा असेल तर कडेला पडलेला लहरीसारखा बाक आणि रिव्हेटभोवती काळपट ओघळ शोधायचे. रिव्हेट हलत असला की असा ओघळ येतो.

नंतर पंखाच्या मुळाचे आणि स्ट्रटच्या दोन्ही टोकांचे बोल्ट. विमानाला नीट आधार देऊन एकेक काढायचा. सपाट काचेवर लोळवला की वाकलेला बोल्ट लगेच डगमगतो. भोक लांबट झालं आहे का, धातूच्या जोडपट्टीच्या वेल्डिंगजवळ रंगाला तडा आहे का, हे दहा पट भिंगातून बघायचं. स्ट्रटला पोचा असेल तर तो बदलायचा, ठोकून सरळ करायचा नाही.

शेवटी मापं. विमान पाणसळीने सपाट करा, शेपटीच्या उभ्या खांबापासून दोन्ही एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्यांच्या) बाहेरच्या बिजागरीच्या बोल्टपर्यंत पोलादी टेपने अंतर घ्या. चेपलेल्या टोकापर्यंत मोजू नका, ते माप फसवेल. ओळंबा सोडून दोन्ही पंखांच्या कडा जमिनीवर उतरवून घेतल्या की पंख मागे गेला आहे का ते खडूच्या रेघांत दिसतं. डावी-उजवी बाजू जुळत नसेल, तर निर्मात्याच्या पुस्तकातल्या मापांपर्यंत कारण शोधत जावं लागतं. एलेरॉन दोन्ही टोकांपर्यंत हलवताना कान पंखाला लावा. खरखर किंवा अडखळ ऐकू आली तर बिजागरी वाकली आहे.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच टोकाची कड आणि कापड.

प्रश्न : मग ट्रॅक्टरने ओढूच नये का? काळ्या मातीत माणसांच्याने विमान हलत नाही.
— एक वाचक, चोपडा

उत्तर : कोब्यावर किंवा डांबरावर ४०० किलोचं विमान चार माणसं सहज हलवतात, तिथे ट्रॅक्टर नको. मऊ मातीत चाकाखाली फळ्या टाकत नेणं हळू होतं, पण उरकतं. ट्रॅक्टर लावायचाच झाला तर दोराने नाही. दोर फक्त ओढतो, थांबवत नाही. ट्रॅक्टर थांबला तरी विमान चालतच राहतं आणि प्रॉपेलर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर जाऊन बसतो. त्या विमानासाठी बनवलेला कडक टो-बार, म्हणजे ओढायचा दांडा, लावा, दोन्ही पायांना खालच्या बाजूला, सारखा. शेपटीच्या चाकाची पट्टीची स्प्रिंग मागे ओढण्यासाठी नसते, तिला दोर बांधू नका.

माणसं मोजून ठेवा : दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक, शेपटीशी एक, आणि ट्रॅक्टरवाल्याला कायम दिसेल असा पुढे एक म्होरक्या. चालवा, वळवा, थांबवा हे फक्त म्होरक्याने सांगायचं. थांबवण्याचा हक्क मात्र सगळ्यांना. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी आणि एक शिट्टी म्हणजे थांबा, कोणाचीही असो. डिझेल इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू जात नाहीत. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या सावकाश चालीने. दार ओलांडताना ट्रॅक्टर सोडवा आणि विमान हातानेच बाहेर काढा. दाराच्या खालच्या रुळावर उतरत्या कडेची फळी ठेवली की एक चाक अडकून विमान फिरत नाही. जमिनीवर तीन चाकांसाठी तीन रेघा रंगवा आणि खांबांना ट्रॅक्टरची जुनी ट्यूब चिरून गुंडाळा. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा, आणि पंख वाचतो.

ढकलताना हात कुठे ठेवायचा हेही शिकवावं लागतं. स्ट्रटला, पण त्याच्या टोकांजवळ, मधोमध नाही. शेपटी उचलायची तर धडाच्या नळीला किंवा मूठ दिलेली असेल तिथे. आडव्या शेपटीच्या टोकाला धरून उचलणं, कापडावर तळवा दाबणं, प्रॉपेलरच्या टोकाला लोंबकळणं, हे तिन्ही बंद.

प्रश्न : प्रॉपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करतात, त्यात नेमका धोका कुठे? किल्ली बंद असताना प्रॉपेलरला हात लावायला हरकत नाही ना?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : हरकत आहे. मोटारसायकलची किल्ली बंद केली की ठिणगीच मिळत नाही, म्हणून आपली समजूत तशी होते. विमानाचा मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. स्विच बंद करणं म्हणजे एका तारेने मॅग्नेटोला जमिनीशी, म्हणजे इंजिनाच्या अंगाशी, जोडून ठेवणं. ती तार तुटली किंवा स्विचमध्ये सैल झाली, तर किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असतं, आणि प्रॉपेलर हातभर फिरवला तरी इंजिन धडकू शकतं. म्हणून साफसफाईलासुद्धा प्रॉपेलरला हात लावताना तो चालू आहे असंच धरायचं. ही तार शाबूत आहे का, हे रोज इंजिन बंद करण्याआधी कळू शकतं : इंजिन अगदी मंद ठेवून स्विच क्षणभर बंद करायचा. इंजिन मरायला लागलं पाहिजे. नाही मेलं, तर विमानावर पाटी लावा आणि दुरुस्ती होईपर्यंत कोणी पुढे जाऊ नका.

पुष्पकमधल्या ९० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनाला स्टार्टर नसतो, त्यामुळे हाताने सुरू करणं टळत नाही. मग क्रम पाळायचा. दोन्ही चाकांना पुढून चॉक (अडवणारे ठोकळे), शेपटी पक्क्या खुंटीला बांधलेली, आणि आत ब्रेक व थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा) जाणणारा माणूस. लहान मूल किंवा कुतूहलाने आलेला पाहुणा आत बसवू नये. बाहेरचा विचारतो, आतला तेच शब्द परत बोलून उत्तर देतो : स्विच बंद, पेट्रोल चालू, थ्रॉटल मागे, ब्रेक दाबलेले. मग बाहेरचा विमान हलवून बघतो, ब्रेक खरंच लागले आहेत ना. ठरलेल्या वेळा प्रॉपेलर फिरवून झाला की बाहेरचा म्हणतो "कॉन्टॅक्ट", म्हणजे स्विच लावा. आतला थ्रॉटल अगदी किंचित उघडतो, स्विच लावतो आणि तोच शब्द परत देतो.

पायाखाली खडी, तेल, ओलं गवत नको. उपरणं, गळ्यातला रुमाल, सैल बाही नको. पात्याच्या सपाट बाजूवर तळवा, बोटं कडेवर वळवायची नाहीत, कारण उलटा झटका आला की वळवलेली बोटं आत ओढली जातात. पातं खाली ओढताना शरीर मागे जायला हवं. एक पाय उचलून, जोर काढून ओढणारा माणूस पुढे झुकतो, आणि अपघात तिथेच होतो. मॅग्नेटोच्या इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना ठिणगीसाठी मॅग्नेटोला झटका देणाऱ्या जोडाचा) "टक्" आवाज ऐकू येतो. तिथे ठिणगी पडते, त्या क्षणी हात सुटून माणूस मागे सरकलेला असला पाहिजे.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आत कोणी नाही, शेपटी मोकळी आणि थ्रॉटल पुढे राहिलेला. इंजिन लागतं आणि विमान एकटंच सुटतं. मग त्याच्या मागे धावून स्ट्रट धरू नका. एका बाजूला धरलं की ते धरणाऱ्याभोवतीच फिरतं. लोकांना बाजूला करा.

प्रश्न : टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, प्रॉपेलरची टोकं उंच गवत आणि बांधाच्या मातीला लागली. इंजिन क्षणभर मंदावलं, मग नीट चाललं. पात्यांवर फक्त ओरखडे आहेत.
— एक वाचक, पारोळा

उत्तर : आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, एकदम पडलं, एवढं पुरे आहे. कॉन्टिनेंटल आणि लायकमिंग या दोन्ही इंजिन कंपन्या उंच गवत किंवा पाणी लागून वेग अचानक घटला तरी त्याला प्रॉपेलरचा आघात मानतात आणि इंजिन उघडून तपासायला सांगतात. इंजिन बंद असताना ट्रॅक्टर पात्यावर आदळला आणि पातं दुरुस्तीला द्यावं लागलं, तरी तेच. प्रॉपेलर अडतो तेव्हा आत फिरणारा क्रॅंकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा), त्यामागची दातेरी चाकं आणि मॅग्नेटोचा जोड एकदम थांबवले जातात. तडा बारीक असतो आणि पुढे कित्येक तासांनी वाढतो. प्रॉपेलर बसतो त्या पुढच्या फ्लॅंजला (चकतीला) डायल गेज, म्हणजे बाक मोजायचं घड्याळ, लावून तो सरळ निघाला, तरी आतलं काही त्यातून कळत नाही. खर्च मोठा आहे हे खरं. तरीही हाच सल्ला.

प्रश्न : वैशाखात वावटळ आणि वळीव दोन्ही येतात. शेड नाही. काळ्या जमिनीत खुंट्या ठोकून बांधलं तर चालेल?
— एक वाचक, जळगाव तालुका

उत्तर : खुंट्या नकोत. एप्रिल-मेमध्ये तापीकाठची काळी जमीन हातभर खोल भेगा देते, खुंटीभोवतीची माती सुटते. पहिल्या पावसात तीच माती फुगून लोण्यासारखी होते, आणि आडव्या ओढीने खुंटी वाकून वर येते. त्याऐवजी काँक्रीटचा ठोकळा पुरा : एक मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर जाड. वजन सुमारे १२०० किलो. मातीने धरलं न धरलं तरी तो स्वतःच्या वजनावर बसतो. दोर बांधायचं वरचं कडं ठोकळ्यातल्या लोखंडाला वाकवून अडकवलेलं असावं, नुसतं सिमेंटमध्ये खोचलेलं नको. प्रत्येक पंखाखाली एक, आणि शेपटीला याच्या निम्मा.

एवढं वजन का? उभ्या विमानाचा पंखही उचल देतो. शेपटीचं चाक खाली असलेल्या विमानाचं नाक वर असतं, म्हणजे पंख आधीच वाऱ्याला तिरपा धरलेला असतो. तशाच हलक्या पायपर कब विमानाचं उदाहरण घ्या. सुमारे ५५० किलो भरलेलं विमान ताशी ६१ किलोमीटरला स्टॉल होतं, म्हणजे त्याहून कमी वेगात पंख त्याला पेलत नाही. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ३४५ किलोचं रिकामं विमान समोरच्या ताशी ४८ किलोमीटरच्या झोताला तरंगायला लागू शकतं. वळिवाचा झोत सहज याच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की उचल चौपट.

दोर नायलॉनचा घ्या, हलक्या विमानासाठी सुमारे १३६० किलो ओढ सहन करणारा. अंबाडीचा किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि पंखाच्या कड्यालाच ओढतो. तसा वापरावाच लागला तर इंचभर ढील ठेवा. नाक नेहमीच्या वाऱ्याकडे करा. शेपटी आधारावर उचलून पंख आडवा करता आला तर उचल निम्म्याहून कमी होते. स्टिक (चालकाची दांडी) सीटच्या पट्ट्याने बांधा, रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या पात्याला) बाहेरून अडकण लावा आणि त्याला हातभर लाल फीत बांधा, म्हणजे उड्डाणाआधी ती काढायची राहणार नाही. वावटळ दिशा बदलत येते, त्यामुळे तिच्यापुढे नाक वळवायला धावण्यात अर्थ नाही. विमान बांधलेलं असेल तर बांधलेलं राहू द्या.

प्रश्न : बाभळीच्या काट्याने टॅक्सीत टायर बसला आणि विमान एका बाजूला ओढलं गेलं. काय करायला हवं होतं?
— एक वाचक, साक्री

उत्तर : विमान बसलेल्या टायरकडे वळतं. उलट बाजूचा रडर पूर्ण, उलट बाजूचा ब्रेक हलका, थ्रॉटल मागे आणि स्टिक पोटाशी. जोरात ब्रेक दाबला तर शेपटीचाकी विमान नाकावर जातं. नंतर तसंच ओढत परत आणू नका. रिम घासतं आणि ट्यूबचा व्हॉल्व फाटतो. जागेवर चाक बदला. धावपट्टीच्या कडेची बाभूळ तोडली तरी काटे दोन पावसाळे मातीत राहतात, म्हणून टॅक्सीची वाट झाडून घेत जा.

प्रश्न : श्रावणात कापडाला डोप (कापड ताणून घट्ट करणारं लुकण) लावला, पांढुरका पडला. परत लावावं का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : दमट हवेत डोपमधला द्राव उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि डोप पांढरा, कमकुवत होतो. तशाच दमट हवेत वरून नवा थर देऊ नका. कोरडा दिवस धरून, सावकाश सुकणारा थिनर थोडा घालून पातळ थर द्या, जुना थर विरघळून एक व्हायला हवा. काम मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी किंवा चालू मोटर नको. नायट्रेट डोप भडका घेतो.

प्रश्न : शेडमध्ये झालेल्या अशा घटनेची नोंद करावी लागते का? कोणी उडत तर नव्हतंच.
— एक वाचक, धुळे

उत्तर : नियमांतली "अपघात" ही व्याख्या उड्डाणाच्या उद्देशाने माणूस विमानात चढल्यापासून उतरेपर्यंतच्या घटनांना लागू होते, म्हणून हाताने ढकलताना लागलेला धक्का सहसा त्यात बसत नाही. पण विमानाची बळकटी बाधित झाली असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवण्याचा प्रश्न येतो. तो निर्णय देखभाल अभियंत्याबरोबर त्याच दिवशी घ्या. लॉगबुकात काय लागलं, कुठे लागलं, काय तपासलं, काय बदललं हे तारखेसह लिहा. "किरकोळ दुरुस्ती केली" एवढ्यावर भागवू नका. पुढचा मालक किंवा पुढचा अभियंता त्या ओळीवरूनच स्पारमध्ये टॉर्च कुठे मारायची ते ठरवणार आहे. विमा काढताना उड्डाण, टॅक्सी आणि जमिनीवर उभं असताना या तिन्ही अवस्था पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत का ते बघा. ट्रॅक्टरने ओढणं यांपैकी कशात धरलं जातं, हे विमा कंपनीकडून आधीच लेखी मागून घ्या.